एकच खांदा लागला होता

गावकरी मंडळी, आज गुरुवार, १२ एप्रिल १९३४. सकाळी साडेनऊला मी बोर्लीच्या बाजारात खोबरेल तेल मोजून घेत होतो. समोर गर्दी जमली म्हणून पाहिलं, तर आपला गणू पैलवान बोर्लीच्या इब्राहिम पैलवानाला फेटा बांधत होता!

दोन वर्षांपूर्वी जत्रेतल्या इनामाच्या कुस्तीत पंचांनी गणूला विजयी ठरवलं. दोन्ही खांदे मातीला लागले तरच कुस्ती निकाली होते, आणि इब्राहिमचा दुसरा खांदा लागलाच नव्हता. मी कडेलाच बसलो होतो. पाहिलं ते बोललो. गणूच्या आणि माझ्या वस्तादांनी मला फितूर म्हणून तालमीतून हाकललं, आणि तुम्ही सगळे गप्प राहिलात.

आज गणू भर बाजारात हसत म्हणाला, "इब्राहिमभाई, तुझा एकच खांदा लागला व्हता. मला तवाच कळलं व्हतं."

"मग दोन वर्सं तोंडात काय गूळ धरला होतास?" म्हणत इब्राहिमने त्याला मिठी मारली. लोक हसले. गणूच्या मागे उभे असलेले वस्तादही हसले.

मी पुढे होऊन विचारलं, "वस्ताद, मग माझं काय?"

"आता गोड झालं ना? कशाला उकरतोस? त्यापेक्षा दोन्ही गावांच्या समेटाचा कागद लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिला नाही. हा कागद मात्र लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे.

खोटा विजय घेणाऱ्याला मिठी मिळाली. उद्या सकाळी सहाला मी लंगोट घेऊन तालमीच्या दारात उभा राहीन. मला आत घेणार की नाही, ते तोंडावर कोण सांगणार?