डोहाखालच्या राणीची गोष्ट

सोनाताई गेल्याचा निरोप तिच्या नातसुनेनं फोनवर दिला. सकाळी चहा घेऊन आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत, एवढंच ती म्हणाली. नव्वदी ओलांडलेलं माणूस असंच जातं, हे मलाही कळतं. मी काही तिच्याहून फार मागे नाही. पण फोन ठेवल्यावर डोळ्यांपुढे आली ती पंचविशीतली सोनाताई, पांढऱ्या टोपीखाली अंबाडा दाबून बाकावर बसलेली...

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा होता आणि कुंपणापलीकडे अजून ज्वारीची रानं होती. मी साताऱ्याकडून मॅट्रिक होऊन मामाकडे आलेली. सोनाताई चाकणजवळच्या शेतकरी घरातली. तिचा नवरा बॉयलरवर होता. आम्ही शेजारी बसून औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचो. मला लेखिका व्हायचं होतं. एक भयाण, अद्भुत अशी छोटी कादंबरी मी वहीत लिहायला घेतली होती. नदीच्या डोहाखाली अंधारं गाव, तिथली राणी काठावरची मुलं ओढून नेते, आणि गौरा नावाची बाई आपल्या मुलीला आणायला त्या पाण्यात उतरते. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली मी ती सोनाताईला वाचून दाखवायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण गोष्ट कुठं लंगडते हे तिला माझ्याआधी कळायचं.

माझ्या राणीला सुळे होते, लाल डोळे होते. सोनाताईनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "तिला सुळे कशापायी? तीबी कुनाची तरी आई आसंल. पोर गेलं आसंल तिचं, म्हनून दुसऱ्याची धरती." मी त्या दिवशी घरी जाऊन चार पानं फाडली. राणी नव्यानं लिहिली, आणि खरं सांगायचं तर मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली. पुढे गौरा इतक्या मुलांतून आपली मुलगी कशी शोधणार, हे मला सुचेना. पाण्याखाली हाक पोचत नाही आणि तिथं सगळ्या मुलांचे चेहरे सारखेच होतात, असं मीच लिहून ठेवलं होतं. सोनाताई म्हणाली, तळव्यावरून ओळखेल. आईनं ते रोज धुतलेले असतात. मी खूश होऊन ते टिपून घेतलं. तिच्या तोंडाकडे काही पाहिलं नाही...

शेवट मी एका बैठकीत लिहिला. गौरा मुलीला खांद्यावर घेऊन डोहातून वर येते, गाव वाजतगाजत सामोरं येतं. वाचून झालं तेव्हा सोनाताईनं डबा बांधला आणि ती उठून आत गेली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. शेवटी आमच्याच खात्यात असलेल्या तिच्या जावेनं मला बाजूला घेऊन सांगितलं. सोनाताईची तीन वर्षांची मुलगी तापानं गेली होती. डॉक्टरांनी सुई लिहून दिली होती, ती पुण्याहून येईपर्यंत फार उशीर झाला. आम्ही दिवसभर ज्या बाटल्यांना लेबलं लावायचो, त्यातलंच ते औषध होतं.

मी वही घेऊन तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, ही गोष्ट मी फाडून टाकते. तिनं माझा हात धरला.

"फाडू नगंस. पोरीला वर आनू नगंस, ती न्हाई येत. पर गौराला वर आन."

"मुलगी तिथंच राहिली, तर गौरा कशाला येईल वर?"

"येती," ती म्हणाली. "मी आले न्हवं का?"

तो शेवट मी तसाच लिहिला. गौरा रिकाम्या हातानं वर येते, ओलं लुगडं पिळते आणि घराची वाट धरते. पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकानं ती कादंबरी छापली, दोघींच्या नावानं. त्यानंतर मी बरंच लिहिलं. पण दुसऱ्याचं दुःख न विचारता उचलण्याची हिंमत मला पुन्हा झाली नाही.

परवा चाकणला तिच्या घरी गेले होते. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. नातसुनेनं सांगितलं, घरातलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत आजी ओट्यावर बसून राहायच्या. कितीही सांगितलं तरी आत यायच्या नाहीत, तोवर घासही घ्यायच्या नाहीत. बोलता बोलता तिनं माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, पदर खोचला आणि बाहेर जाऊन ओट्याच्या त्याच कोपऱ्यावर बसली. रस्त्यावरून कंपनीच्या बसगाड्या धूळ उडवत जात होत्या. चहा निवतोय, आत ये, असं मी म्हटलं, तर रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली,

"तुमी घ्या, आजी. आमचं अजून एक मानूस यायचं हाय."