क्रूझवरचा सूर्यास्त आणि पिवळा बावटा

लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझवर जायचं, हे खूळ नवरोबाचं. "अहो, मी झाईची. किनाऱ्यावर लहानाची मोठी झाले. मला समुद्र बघायला तिकीट काढायला लावताय?" मी म्हटलं. पण तिकीट आधीच काढून झालं होतं. मुंबई ते दीव आणि परत, दोन रात्री.

तलासरीहून जाणार असाल तर पहाटेच निघा. अच्छाडच्या नाक्यावरून येणारे ट्रक एकदा हायवेवर साचले की संपलंच. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडले. "थांबूया ना दोन मिनिटं," मी म्हटलं. "येताना," नवरोबा म्हणाला आणि गाडी थेट चारोटीला चहा-भजीसाठी थांबवली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तशी ती रोजच चुकचुकते म्हणा, त्यामुळे घरात कोणी लक्ष देत नाही.

बंदरावर बॅगा तपासतात, घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. माझा डबाभर चिवडा तिथेच राहिला. खोली घेताना खिडकीचीच घ्या. आमची बिनखिडकीची स्वस्तातली होती आणि आत जीव गुदमरत होता. जेवण मात्र भरपूर. पापलेट होतं, पण आमच्याकडे ते कोणी मांजरालाही घातलं नसतं.

संध्याकाळी सगळं जहाज डेकवर गोळा झालं. सूर्य टेकायला आलेला आणि थोड्या अंतरावर मासेमारीची एक बोट. तिच्या काठीवरचा बावटा, म्हणजे बोटीचा झेंडा, उन्हात चमकत होता. गर्दीत हात वर करून मी कसाबसा एक फोटो काढला. फिकट आला, वाकडाही आला. मग बसले खुर्चीत आणि सरळ केला, बोट मधोमध यावी म्हणून डावी बाजू कापली, फोनवरची रंगांची ऊब वाढवायची पट्टी पार टोकाला नेली. आभाळ असं पेटलं की बघतच राहावं! जहाजावर रेंज नसते, वायफायला वेगळे पैसे. तासाभराचं घेतलं आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

तास संपता संपता त्याच वायफायवर सुनीताचा फोन. सुनीता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, महेशची बायको. रडत होती आणि हसतही होती.

"ताई, यांची बोट! पिवळा बावटा! देवानेच तुमच्याकडून फोटो काढवला!"

"अगं, झालं काय?"

"परवाच यायला हवे होते. बरोबरच्या सगळ्या बोटी आल्या, यांची नाही. वायरलेस लागत नाही. तुम्ही फिरायला जाताय म्हणून तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांना सांगते, बोट दिसली म्हणून!"

महेशचा बावटा पिवळा, सुनीताच्या हळदीच्या साडीतून फाडलेला. दरवर्षी जुना विरला की ती त्याच साडीतून नवा काढून देते. आमच्याकडे बोट नावाने नाही, बावट्याने ओळखतात.

फोन कटला. तास संपला होता. दुसरा घ्यायला गेलो तर वायफायच बंद पडलेलं.

मी मूळ फोटो उघडला. बोट मोठी केली, बावटा बघितला. बावटा पांढरा होता. स्वच्छ पांढरा. पिवळा मी केला होता, पट्टी ओढून.

"तिला कळवायला नको," नवरोबा म्हणाला. "निदान आजची रात्र तरी झोपेल ती."

"आणि शोधणारे? बोट दिसली म्हणून ते थांबले तर?"

तो उठला आणि वायफाय सुरू झालं का ते बघून आला, बंदच होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी रात्रभर भोगलं. डोळा लागला की महेश दिसायचा. त्या फोटोकडे परत बघायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी दीवला उतरताच रेंज आली.

"सुनीता, तो पिवळा रंग माझा आहे गं. मी फोटो रंगवला. बावटा पांढरा आहे."

ती म्हणाली, "जसा काढला तसा पाठवा."

पाठवला. दीवचा किल्ला सुंदर आहे म्हणतात, जरूर बघा. मी त्याच्या भिंतीला टेकून फोन हातात धरून बसले होते, एवढंच मला आठवतं. नवरोबाने नारळपाणी आणलं, ते गरम होऊन गेलं.

मग फोन वाजला. "ताई, डावीकडे बघा! एकदम कडेला!"

बघितलं. पांढऱ्या बावट्याच्या बोटीमागे दोर होता. दोराच्या टोकाला, फोटोच्या अगदी काठावर, दुसरी बोट. आणि तिच्यावर एवढासा, खराखुरा पिवळा बावटा. मी कापून टाकलेल्या बाजूला माझा भाऊ होता!

"पांढरा बावटा पलीकडच्या उमरगावातल्या एकाचा आहे म्हणतात," सुनीता सांगत होती. "तोच ओढून आणतोय. तुमचे बाबा बंदरावर निघालेत."

तरी महेशचा आवाज ऐकेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तो संध्याकाळी, परतीचं जहाज सुटायच्या आधी ऐकला. इंजिन बसलेलं, बॅटरी उतरलेली, पण सगळे खलाशी सुखरूप. मी नुसती रडले.

येताना विवळवेढ्याला गाडी थांबवली, महालक्ष्मीची ओटी भरली आणि तलासरीचं घर ओलांडून थेट झाई गाठली. महेश उन्हाने करपलेला, आवाज बसलेला. तरी जीभ शाबूत.

"काय ताई, त्या उमरगाववाल्याला मधोमध बसवलंस आणि सख्ख्या भावाला कात्री?"

"गप रे मेल्या," मी म्हटलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

क्रूझला जावं का, असं विचाराल तर जा. ऊन, वारा, आराम, सगळं आहे. मला मात्र त्यातलं फारसं काही लाभलं नाही.

निघताना किनाऱ्यावर सगळ्यांचा एक फोटो काढला. मागे सूर्य बुडत होता. फोटो अंधारा आला, महेशचा अर्धा चेहरा सावलीत. सवयीने माझं बोट पट्टीकडे गेलं. सुनीताने फोनवर हात ठेवला.

"राहू द्या, ताई. सगळे आलेत ना त्यात?"