आठव्यांदा चाललेली गाडी

नाव : नत्थूजी गोविंदा धकाते. वय : सदुसष्ट. राहणार : नंदनवन, नागपूर. मूळ व्यवसाय : हातमाग विणकर. तदनंतरचा : रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. सध्याचा : निरंक. अपत्ये : एक, पुणे येथे. वाहन : निरंक. सदर इसम निरुपद्रवी असून त्याच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही.

तक्रार होती, पण लेखी नव्हती. ती त्यांच्या मुलाची, सुशीलची होती आणि एका लाल गाडीबद्दल होती.

१९८९ साली थोरले भाऊ केशवराव मस्कतहून आले, तेव्हा आठ वर्षांच्या पुतण्यासाठी रिमोटवर चालणारी जपानी गाडी घेऊन आले. अशा वस्तूचं आपल्याकडे जे होतं तेच झालं. गाडी शोकेसमध्ये गेली. शेजारी प्लास्टिकची फुलं आणि कधीच न वापरलेला कपबश्यांचा सेट. पाहुणे आले की ती बाहेर निघायची. चालवायचे नत्थूजी. सुशीलने टाळ्या वाजवायच्या. अशी ती सात वेळा चालली. पुढच्या दिवाळीत बटण दाबलं तर ढिम्म. पोरानं चोरून खेळून बिघडवली असणार, असं ठरवून नत्थूजींनी त्याला पाहुण्यांदेखत मारलं. निकाल आधीच लागल्यामुळे तपास झाला नाही.

पुढे माग बंद पडला. नत्थूजी दुरुस्तीचं काम शिकले, आख्ख्या नंदनवनाचे रेडिओ त्यांनी उघडले. ही गाडी मात्र उघडली नाही. ती उघडली गेल्या वर्षी, दुकान बंद झाल्यावर, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. आत आठ सेल फुटून पांढरी भुकटी झालेली, पत्र्या खाल्लेल्या. सेल त्यांनी स्वतः बसवले होते आणि काढायला विसरले होते.

"फोन करा पोराले," पत्नी प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"फोनवर काय सांगू वं? तो आला का गाडी त्याच्याच हातात देतो. मंग सांगतो."

सुशील मे महिन्यात येणार होता, रामटेकच्या एका लग्नासाठी, एका दिवसापुरता.

मोबाइलवाल्या पिंटूने नवे भाग मागवून दिले: नवा रिमोट, नवा रिसीव्हर, ताकदीची मोटर, लिथियमची बॅटरी. गाडीतल्या वायरी पाहून तो म्हणाला, "काका, ह्या पुऱ्या बदलून टाका. अंदरून काळ्या पडल्या."

"जुना ताणा कोनी फेकून देते काय गा? सांधते त्याले."

विणकराच्या घरी तसंच असतं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की त्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडतात; जुना ओढून काढला तर फणीच्या फटींतून सगळे धागे पुन्हा ओवावे लागतात. नत्थूजींनी प्रत्येक जुन्या वायरीच्या टोकाला नवी वायर जोडली. बावीस सांधे. एकही गाठ हाताला लागत नव्हती.

"मागावर बसल्यावानी बसून राहिले," पिंटू म्हणाला. "साडी निघन यातून."

सुशील आला. चव्वेचाळीस वर्षांचा, चष्मेवाला, बोलणं अगदी पुणेरी. चहा झाल्यावर नत्थूजींनी गाडी अंगणात ठेवली आणि रिमोट त्याच्यापुढे धरला.

"घे. तू चालव."

"मी?"

"मंग कोन?"

गाडी सुटली. फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली. सुशील हसला, दात दिसतील इतका. बघायला आलेल्या पिंटूने शिट्टी मारली. सुशीलने पुन्हा वेग दिला. जुन्या वायरींना नव्या मोटरीची ओढ झेपली नाही. आधी वास आला, मग टपाखालून धूर, मग लाल प्लास्टिक मेणासारखं खाली बसलं.

सुशीलने रिमोट झटकन जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

"बाबा, मी काई नाई केलं जी."

पुणं कुठल्या कुठे गेलं. प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या, "सांगा ना आता."

"वायर जुनी होती," नत्थूजी म्हणाले. सेलचं सांगायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

"राहू द्या बाबा," सुशील म्हणाला आणि रामटेकची गाडी गाठायची म्हणून उठला.

वाहन : एक. शोकेसमध्ये आहे. बॅटरी आठवणीने काढून ठेवली आहे.