पाइनी ब्रांचच्या शाळेचं नवं छप्पर

वाष्टी गॅडसनचा देवावर विश्वास होता. देवाच्या खाली मात्र कुणावर फारसा नव्हता. पाळकाने प्रवचनात बायबलचं वचन सांगितलं की ही मांडीवरचं पुस्तक उघडून ते खरंच तिथे आहे का बघायची. धाकटी बहीण लुव्हिनिया म्हणायची, "ताई, तू स्वर्गात गेलीस ना, तरी आधी दाराच्या बिजागऱ्या तपासशील."

"तपासीनच. मी आत गेल्यावर कुणी बाहेरून कडी घातली तर?"

साउथ कॅरोलायनाच्या त्या सखल भागात काळ्या माणसाने संशयी असणं काही जगावेगळं नव्हतं. इतरांच्यात संशय चवीपुरता असायचा, वाष्टीच्यात जरा जास्तच पडला होता, एवढंच. नावही तसंच. बायबलमधल्या वाष्टी राणीने राजाने बोलावलं तरी यायला नकार दिला होता. बापाने मुद्दाम ते नाव ठेवलं. म्हणायचा, "हाक मारली की धावत सुटणारी पोरगी मला नको."

याच बापाने आपल्या जमिनीचा तुकडा शाळेला दिला होता. शेजाऱ्यांनी लाकूड आणलं, बायकांनी शनिवारी मासे तळून विकले, आणि पाइनी ब्रांचमध्ये काळ्या मुलांसाठी लाकडी शाळा उभी राहिली. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराने, काय दिलं, तर पुस्तकं. तीही गावातल्या गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली. पहिल्या पानावर गोऱ्या मुलांची नावं असत. पुस्तक पुढे कुणाच्या हाती जाणार हे त्यांना ठाऊक असायचं, म्हणून जाता जाता ती खाली एखादी घाणेरडी शिवी लिहून ठेवत. वाष्टी लहान असताना तिला मिळालेल्या गणिताच्या पुस्तकात शेवटची उत्तरांची पानंच नव्हती.

"जुनं पुस्तक आहे, फाटली असतील," बाई म्हणाल्या.

वाष्टीने शिवणीवरून बोट फिरवलं. "फाटलेलं पान वेडंवाकडं फाटतं, बाई. ही ब्लेडने कापलीत."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, बघितलं, आणि काही न बोलता परत दिलं. त्या गप्प बसण्यातून वाष्टी जे शिकली ते त्या वर्षीच्या सगळ्या गणितांपेक्षा जास्त होतं.

पुढे ऑरेंजबर्गच्या कॉलेजात शिकून ती त्याच शाळेत इतिहास शिकवायला आली. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. लुव्हिनिया आणि ती एकाच घरात राहू लागल्या. मग एकोणीसशे पन्नास सालानंतर अचानक राज्य सरकारला काळ्या मुलांचा उमाळा आला. लाकडी शाळेच्या जागी मोठ्या मुलांसाठी विटांची इमारत झाली, प्रयोगशाळेत नळ आले. सगळं पाइनी ब्रांच हरखून गेलं. वाष्टी एकटी म्हणाली, "जन्मभर ज्याने छत्री दिली नाही तो आज रेनकोट घेऊन दारात उभा आहे. पावसाची बातमी त्याला आधीच लागली असणार."

पाऊस वॉशिंग्टनहून आला. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणं बेकायदा, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तेव्हा लोकांना विटांचा अर्थ कळला: घ्या तुम्हाला पण छान शाळा, आता आमच्या दाराशी येऊ नका. आणि निकाल लागूनही पुढे सोळा वर्षं गोरी मुलं गावात आणि काळी मुलं पाइनी ब्रांचमध्येच शिकत राहिली.

शेवटी सत्तर साली न्यायाधीशाने काउंटीला दटावलं. येत्या शरद ऋतूपासून सगळी मुलं एकत्र बसलीच पाहिजेत. कोणती शाळा चालू ठेवायची, कोणती बंद करायची ते शिक्षण मंडळ ठरवणार होतं. आणि त्याच वसंतात पाइनी ब्रांचच्या शाळेवर शिड्या लागल्या.

छप्पर कित्येक वर्षं गळत होतं. वाष्टीच्या वर्गात अमेरिकेची यादवी शिकवताना बादलीत टपटप चालायची. दरवर्षी अर्ज, दरवर्षी उत्तर एकच, पैसे नाहीत. आणि आता गडी डांबर ओतत होते. मुख्याध्यापक अमोस प्रेलो अंगणात उभे राहून वर बघत होते.

"बघा बाई, सोन्याचा दिवस उगवला," ते म्हणाले.

"कुणाच्या दारात उगवला ते बघते आहे, मास्तर."

"तुम्हाला छप्पर गळलं तरी दुःख, नाही गळलं तरी दुःख!"

"मला दुःख नाही. मला फक्त विचारायचंय, आत्ताच का?"

प्रेलो मास्तर हसले, पण डोळे वरच ठेवून. वाष्टीच्या मनात पहिली पाल तिथे चुकचुकली. हा माणूस बोलताना नेहमी डोळ्यात बघायचा.

मग स्वच्छतागृहात प्लंबर आले. वाष्टी मधल्या सुट्टीत हात धुवायला गेली तर बेसिन तिच्या गुडघ्याच्या जरा वर. ती वाकली, हात धुतले, आणि वाकलेलीच राहिली. ही मोठ्या मुलांची शाळा. इथे दाढी फुटलेली पोरं शिकत होती. सहा वर्षांच्या मुलांनी हात धुवावेत अशी बेसिनं इथे कुणासाठी?

प्लंबरला विचारलं तर तो म्हणाला, "मला सांगितलं तसं लावतो, बाई." मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "चुकून आली असतील."

"एक चुकून येतं, मास्तर. ओळीने येत नाहीत."

त्या आठवड्यात रंगारी आले आणि दर्शनी भिंतीवरचं शाळेचं नाव पांढऱ्या रंगाने बुजवून गेले. वाष्टीने त्याच दुपारी मोठ्या मुलांना हाताशी धरलं. काचेच्या कपाटातले बास्केटबॉलचे चषक, बँडची निशाणं, भिंतीवरचे दरवर्षी शाळा पूर्ण केलेल्या मुलांचे फोटो, सगळं उतरवून जपून ठेवायला घरोघर वाटून टाकलं. मास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी अडवलं नाही. कशासाठी म्हणून विचारलंही नाही, आणि तेच वाष्टीला जास्त खटकलं.

उत्तर आलं ते लुव्हिनियाच्या हातून. ती गावात कॉर्बेटबाईंच्या घरी स्वयंपाक करायची. एका संध्याकाळी ती घरी आली ती टोपी न काढताच खुर्चीत बसली.

"ताई, आज तिकडे जेवायला शिक्षण मंडळातले दोघं होते. मी टोमॅटोचा लाल भात वाढत होते. बाईसाहेब म्हणाल्या, आमचा नातू आता पहिलीत जाणार, पण काळ्यांबरोबर नाही हं. आपली खाजगी शाळा निघतेय. इमारत मिळतेय पाइनी ब्रांचची."

"तुझ्यासमोर म्हणाल्या?"

"माझ्यासमोर कसलं? त्यांच्या लेखी मी त्या भाताचं भांडं. भांड्याला कान असतात हे त्यांना कुठे माहीत!"

वाष्टीच्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. सरकारी पैशाने छप्पर घालायचं, गोऱ्या पोरांच्या उंचीची बेसिनं लावायची, मग शाळा 'नको असलेली' म्हणून जाहीर करून कवडीमोलाने विकायची. बापाची जमीन, आयाबायांचे तळलेले मासे, सगळं त्यांच्या घशात.

रविवारी उपासना संपल्यावर ती उठली. पाळकाने बसायची खूण केली, ती तिने पाहिलीच नाही. ऐकलेलं सगळं सांगून झाल्यावर ती पुढच्या बाकाकडे वळली.

"मास्तर, तुम्हाला हे माहीत होतं."

 प्रेलो मास्तर उभे राहिले. पंचावन्न वर्षांचा, सदा कडक इस्त्रीतला माणूस, पण त्या दिवशी कॉलरमध्ये मान लहान दिसत होती.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"किती मिळणार होतं?" मागून कुणी तरी ओरडलं.

"मला काही नाही." त्यांचा आवाज चढला. "शिक्षण अधीक्षक टिमन्स साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, इमारतीचा गाजावाजा करू नकोस, तुझा एकही शिक्षक घरी बसणार नाही. शेजारच्या काउंटीत काय झालं ते बघितलंत ना? शाळा एक केल्या आणि आपली माणसं झाडून काढली. मी म्हटलं, विटा जाऊ देत. माणसं तरी राहतील."

"त्यांनी शब्द दिला?" वाष्टीने विचारलं.

"हात हातात घेऊन दिला."

"आणि तुम्ही धरलात?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, या खेपेला थेट डोळ्यात. "बाई, संशय घेणं तुम्हाला परवडतं. तुमच्यामागे एक बहीण आहे. माझ्यामागे सगळे शिक्षक आणि त्यांची घरं होती."

 वाष्टीने एवढंच म्हटलं, "मग उद्या माझ्यासमोर त्यांच्याकडून तो शब्द पुन्हा घ्या."

सोमवारी दोघं अधीक्षक टिमन्सच्या कचेरीत गेले. टिमन्स वयाने मास्तरांपेक्षा बराच लहान.

"काय अमोस, कसा आहेस? आणि वाष्टी, तूही आलीस? बस, बस."

दोघं उभेच राहिले. मास्तर म्हणाले, "साहेब, आमच्या सगळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या राहतील असं तुम्ही म्हणाला होता. तेवढं या बाईंसमोर परत म्हणा."

टिमन्स हसला. "मी म्हटलं होतं, प्रयत्न करू."

"तुम्ही हात दिला होता."

"अरे, हात मी सगळ्यांनाच देतो."

बाहेर मोटारीत बसल्यावर मास्तरांना किल्ली लावता येईना.  वाष्टीच्या जिभेवर 'मी म्हटलं नव्हतं?' अगदी तयार होतं. तिने ते गिळलं.  मास्तर म्हणाले, "चार्ल्स्टनला एक वकील आहे. आपल्यातलाच. माझा विद्यार्थी नव्हे, पण माणूस खरा आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"बाई, आता पुरे हो!" ते ओरडले, आणि मग दोघंही हसले.

खटला उन्हाळ्यात केंद्राच्या न्यायालयात चालला. मास्तरांनी साक्षीला उभं राहून टिमन्सशी झालेली बोलणी सगळ्यांसमोर सांगितली. आपली नोकरी त्याच क्षणी गेली हे त्यांना कळत होतं. मग वाष्टीला बोलावलं. मंडळाचा वकील म्हणाला, "तुम्ही इतिहास शिकवता. नळकामाचं ज्ञान कुठून मिळवलंत?"

"ज्ञान काही नाही, साहेब. माझ्या वर्गातली सगळ्यात बुटकी पोरगी पाच फुटांची आहे. तिला तिथे हात धुवायला गुडघ्यावर बसावं लागतं."

न्यायाधीश हसला नाही, पण त्याने ते लिहून घेतलं. विक्री थांबली. पाइनी ब्रांचची इमारत सरकारीच राहिली, आणि तिथे काउंटीतल्या लहान मुलांची शाळा भरू लागली, काळ्या आणि गोऱ्या दोघांची. कॉर्बेटबाईंच्या नातवाची खाजगी शाळा बंद पडलेल्या मोटारींच्या दुकानात उघडली.

विजय म्हणावा तर एवढाच. प्रेलो मास्तरांना मुख्याध्यापक ठेवलं नाही. बसगाड्यांवर देखरेखीचं काम देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं आणि राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला जाऊन विमा विकू लागले. अर्ध्याहून जास्त शिक्षकांना नेमणुकीची पत्रंच आली नाहीत. वाष्टीला मात्र गावातल्या मोठ्या शाळेत घेतलं.

"तू चांगली शिकवतेस म्हणून," लुव्हिनिया म्हणाली.

"छट्. साक्षीदार बाईला काढलं तर न्यायाधीश विचारेल, म्हणून."

पहिला महिनाभर एका गोऱ्या मुलीची आई रोज वर्गात मागे येऊन बसायची, हातात विणकाम घेऊन. वाष्टी शिकवत राहिली. एक दिवस त्या बाईने शंका विचारायला हात वर केला आणि स्वतःच लाजली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. ती का आली नाही याचाही वाष्टीने बरेच दिवस विचार केला.

शेजारच्या वर्गात हॉलिस नावाची गोरी तरुण शिक्षिका होती. तिने एकदा टोपलीभर पीच आणून दिले. वाष्टीने टोपली घरी आणून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली.

"काय हवं असेल हिला?"

"ताई, पीच आहेत ते. बाँब नाहीत." लुव्हिनियाने एक उचलून चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला. "विष असलं तर आधी मी जाईन, तू मागून ये."

हॉलिसला काहीच नको होतं. तिच्या बापाची बाग होती आणि त्या वर्षी फळ फार आलं होतं. हे पटायला वाष्टीला तीन मोसम लागले. पटल्यावर तिने बदल्यात भेंडीचं लोणचं नेलं. त्यापुढे दोघींची मैत्री झाली असं नाही, पण हॉलिसला मंडळात काय शिजतंय ते कळलं की ती येऊन सांगायची, आणि वाष्टी ते दुसरीकडून पडताळून मगच खरं मानायची.

निवृत्त झाल्यावर वस्तीने तिला शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत उभं केलं. ती निवडून आली. प्रेलो मास्तर कोलंबियाहून अभिनंदनाला आले, काठी टेकत. ओसरीवर गोड थंड चहा पिताना म्हणाले, "आता तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसणार, बाई. आता लोक तुमच्यावर संशय घेणार."

"घेऊ देत."

आणि तसंच झालं. गोरी मुलं हळूहळू खाजगी शाळेत जात राहिली होती, सरकारी शाळेत बहुतेक काळीच उरली होती. मंडळाने नवी संध्याकाळची शिकवणी सुरू केली, तेव्हा सभेत एक तरुण आई उठली. कडेवर मूल, कारखान्याचा गणवेश अंगावर.

"मिसेस गॅडसन, हे फुकट का देताय? आणि आत्ताच का?"

वाष्टीने तिला सगळं सांगितलं. पैसे कुठून आले, किती दिवस पुरतील, ते संपल्यावर काय होईल ते ठाऊक नाही, हेही सांगितलं. त्या बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पण तोंडावरची रेष हलली नाही.

"मी उद्या येऊन वर्गात बसेन," ती म्हणाली. "मग मुलाला पाठवायचं की नाही ते ठरवीन."

"ये," वाष्टी म्हणाली. "मागच्या बाकावर बस. तिथून जास्त दिसतं."