पपई गाळलेलं फडकं

इकडे सरक गं, जवळ बस. मानकोलीपर्यंत दोनदा येऊन गेलीस आणि मावशीकडे डोकावली नाहीस. शोभतं का हे? आता निमूट ऐक.

त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नाझिया मॅडम डिशवर वाकून बसलेल्या. डिशमध्ये नुसतं गढूळ पाणी. मी तिथली असिस्टंट. शिक्षण बारावी नापास, पण बावीस वर्षं नळ्या धुता धुता बघत आलेय.

मॅडम कॉन्ट्रॅक्टवर. दुसऱ्या दिवशी कमिटी येणार होती आणि त्यांचं पुढचं वर्ष या प्रयोगावर ठरणार होतं. पडघ्याकडच्या तळ्यात दगडांवर हिरवट, खरखरीत थर धरतो. शेवाळ वाटतं, पण तो स्पंज, जिवंत प्राणी. फडक्यातून पिळला की त्याच्या पेशी पिठासारख्या सुट्या होतात. मग काही तासांत आपणहून एकमेकींना चिकटून गोळे करतात, कारण त्यांच्या अंगावर प्रोटीनचा गोंद असतो.

आमच्या पेशी सकाळपासून सुट्याच.

प्रिन्सिपल सर येऊन म्हणाले, "नसेल जमत तर कांद्याची साल दाखवा. दरवर्षी तीच असते."

मॅडमनी मान खाली घातली. "गलती मेरी ही होगी, मावशी." स्पंजचा एकच तुकडा उरला होता.

मला पटेना. डिश नवी, पाणी त्याच तळ्याचं. राहिलं फडकं, आणि ते माझं. टेमघरच्या लूमवरची मलमल, चांगली म्हणून टाकवत नाही. आदल्या आठवड्यात मुलांनी त्यातूनच कच्च्या पपईचा चीक गाळला होता. मी थंड पाण्यातून काढून वाळत घातलं, झालं.

त्या चिकात एन्झाइम असतं. ते प्रोटीन तोडतं आणि स्वतः संपत नाही. मटण मऊ व्हायला आपण पपई लावतो ती म्हणूनच. वाळलं तरी ते टिकतं, ओलं झालं की पुन्हा कामाला लागतं. त्यानंच पेशींचा गोंद कुरतडला असणार.

माझी चूक मी सांगून टाकली. मॅडम हसल्या. "घरी कबाबला रोज पपई लावते, आणि इथं डोक्यात आलं नाही."

मग आम्ही दोघींनी कोऱ्या मलमलीची कांजी उकळून काढली, त्यातून तो तुकडा पिळला, तीन डिश मांडल्या. एक तशीच. उरलेल्या दोनमध्ये पपईच्या चिकाचा थेंब. संध्याकाळी पहिलीत खसखशीएवढे गोळे, बाकी दोन गढूळच. घरी जाण्याआधी मॅडमनी तिसरीतल्या पेशी तळ्याच्या पाण्यानं चारदा धुतल्या.

सकाळी कमिटीतल्या बाईंनी विचारलं, "पपई काढून टाकली तर?" मॅडमनी तिसरी डिश पुढे केली. गोळे झाले होते. पेशींनी रात्रीतून नवा गोंद बनवला होता.

मॅडमना वर्ष मिळालं. तीन डिशची कल्पना कॉलेजचीच, असं सर अजून सांगतात. सांगू देत. मी आता प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात कामाचं नाव शिवते. प्रयोग बिघडला की शिकलेल्यांनी पुस्तक बघावं, धुणाऱ्यानं आपली वाळत घालायची दोरी.

येत्या शनिवारी परत ये, सरळ लॅबवर. भिंग देते, गोळे होताना स्वतः बघ. आणि या खेपेला जेवल्याशिवाय सोडणार नाही.