आधी समोरच्याची बाजू

इनामदार सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी लातूरच्या कोर्टाबाहेर चहा पीत उभी होते. आमच्या बॅचच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘सर गेले.’ खाली लगेच दुसऱ्याचा प्रश्न, ‘पुरावा?’ ही खोड सरांनीच लावलेली. मला हसू फुटलं, चहा साडीवर सांडला... आणि मग कळलं की ते खरंच गेले.

युसूफ इनामदार सर नांदेडला लॉ कॉलेजात मानवी हक्क शिकवायचे. पुढं तंत्रज्ञान आणि कायदा हा विषयही त्यांनी हौसेनं मागून घेतला. सहकारी त्यांची चेष्टा करायचे, कारण सरांना स्वतःचा मोबाइल धड गप्प करता येत नसे. खासगीपणाच्या हक्कावर रंगात येऊन बोलत असायचे आणि खिशात कव्वाली सुरू व्हायची. वर्गात ते लुटुपुटूचा खटला चालवायचे, त्या अभिरूप न्यायालयाचा एक नियम मात्र कडक होता. आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी की समोरच्यानं तुम्हालाच वकील नेमावं. ते जमलं की सर म्हणायचे, “आता तुझी बाजू.”

मी किनवटकडच्या खेड्यातली. दुसऱ्या वर्षाला कॉलेजात अंगठ्यानं हजेरी घेणारं मशीन आलं. कापूस वेचून आणि भांडी घासून माझ्या अंगठ्याच्या रेषा पार झिजलेल्या. मशीन मला ओळखेचना. मी रोज वर्गात बसलेली आणि हजेरीत गायब! सत्र संपत आलं तेव्हा कार्यालयानं सांगून टाकलं, परीक्षेला बसता येणार नाही. घरी वडिलांनी, आबांनी, आधीच बजावलेलं, “साल वाया गेलं तर गुमान घरी यायचं. लई स्थळं येऊन राहिलीत.” मी रडत सरांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “उद्या हाच खटला चालवू. तू मशीनची वकील.”

मी भडकलेच. “सर, नुकसान माझं, अन् मीच मशीनकडनं बोलू?”

“हाव. तुझ्याइतकं त्या मशीनला कोण ओळखतं? ते तुला ओळखत न्हाई, ते सोड.”

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनाही बोलावलं होतं. ते शेवटच्या बाकावर बसले. मी रागाच्या भरात असं काही बोलले की विचारू नका. मशीन वशिला बघत नाही, जात विचारत नाही, मित्राची खोटी हजेरी लावत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीशाच्या खुर्चीतून सरांनी शांतपणे विचारलं, “वकीलबाई, तक्रार करणारी ती मुलगी आज कोर्टात हजर हाय का?”

मशीन माझं अशील, त्याच्याविरुद्ध कसं बोलणार? ताठ उभी राहून म्हटलं, “न्हाई, साहेब. ती इथं न्हाई.”

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. प्राचार्य तर बाकावर हात आपटून हसत होते. सरांनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, “आता तुझी बाजू.” रात्रभर घोकलेले मुद्दे कुठं गेले कोण जाणे. तोंडातून एवढंच निघालं, “साहेब... मी हाय की.”

कुणीच हसलं नाही. सर म्हणाले, “माझे अब्बा शिंपी. मी मशीनच्या खडखडाटातच वाढलो. पण कपडा बसला न्हाई तर अब्बांनी गिऱ्हाइकाच्या अंगाला कधी दोष दिला न्हाई.” त्याच आठवड्यात नाव पुकारून हजेरी सुरू झाली, शिक्षकांनी माझी मागची हजेरी लावून दिली, मी परीक्षेला बसले. निकाल लागल्यावर आबांनी गावभर पेढे वाटले आणि आलेलं स्थळ स्वतःच परत पाठवलं!

परवा माझ्याकडं कोर्टात एका म्हातारीचं काम होतं. बोट उमटत नाही म्हणून रेशन नाकारलेलं. सकाळी स्वयंपाकघरात मी आधी दुकानदाराची बाजू मांडून बघत होते. सासूबाई तांदूळ निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, “मग त्या दुकानदाराचंच खरं हाय की गं!”

मला कोण आनंद झाला. असं कुणी म्हटलं की लगेच सरांना फोन करायचा, हे इतकी वर्षं चालत आलेलं. हात मोबाइलकडं गेलाही... मग तो खाली ठेवला, पदर खोचला आणि त्यांच्याच आवाजात, मोठ्यानं स्वतःला म्हटलं, “आता तुझी बाजू.”