लुंडीन सरांचे बेडूक

व्हर्नन लुंडीनच्या डोक्यावर केस नावालाही उरले नव्हते, तरी यंदा एप्रिल लागताच त्यानं दुकानातून डझनावारी कंगवे आणले. "काय करणार बाई, आशा सुटत नाही," असं गल्ल्यावरच्या बाईला त्यानं स्वतःच सांगून टाकलं. तिनं मागून हसण्यापेक्षा समोर हसलेलं बरं!

कंगवे शाळेसाठी होते. मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात तो सातवीला विज्ञान शिकवायचा आणि बर्फ वितळलं की पोरांना घेऊन शाळेमागच्या तळ्यावर बेडूक ऐकायला जायचा. संध्याकाळी काठावर बसायचं, कान द्यायचा आणि काय ऐकलं ते राज्याच्या बेडूकमोजणीला कळवायचं. तळ्यात पूर्वी अंगठ्याएवढे बेडूक होते. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं, हुबेहूब तसा त्यांचा आवाज. मग आसपासच्या शेतांतलं पाणी काढायला चर खणले गेले आणि तळं गप्प झालं. जूनमध्ये व्हर्नन निवृत्त होणार होता. त्याआधी एकदा, पोरांबरोबर, तो आवाज ऐकायचा, एवढीच त्याची हाव. म्हणून यंदा त्यानं पोरापोराला कंगवा दिला. वाजवून बघा, म्हणजे कान तयार होईल!

अर्धा वर्ग अलीकडच्या काठावर, अर्धा पलीकडे. पहिल्याच संध्याकाळी पलीकडून 'क्रर्रर्र' आलं आणि व्हर्नन उडालाच. बेडकाला बोलतं ठेवायला त्यानं कंगवा काढून उत्तर दिलं. पलीकडून पुन्हा क्रर्रर्र! मग काय विचारता, दोन्ही काठ दणाणले. 'भरपूर बेडूक' असं त्यानं कळवूनही टाकलं. गावच्या पेपरात त्याचा फोटो आला. बेडकांपेक्षा टक्कलच जास्त चमकत होतं.

"व्हर्न," ओव्हनमधलं गरम हॉटडिश वाढता वाढता बायको मार्लिस म्हणाली, "तुझ्या वर्गातला तो कोल्टन सारखा शिंकत होता म्हणतोस, तरी बेडूक ओरडतच होते?"

"धीट आहेत गं!"

"पाऊल वाजलं तरी ते चिडीचूप होतात, असं तूच सांगतोस ना?"

व्हर्नननं चमचा खाली ठेवला आणि खिशातला कंगवा काढून बघितला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गाला विचारलं, "तळ्यावर कंगवे कोण कोण वाजवत होतं?" एकेक करत सगळे हात वर.

"आधी आम्ही नुसता वाजवून बघितला, मग आम्हाला वाटलं बेडूक तुमच्या बाजूला आहेत," पलीकडच्या काठावर बसलेली ब्रिटा म्हणाली. "आम्ही उत्तर देत होतो, सर."

"सगळ्यात मोठा बेडूक सरच होते!" कोल्टन ओरडला आणि वर्गात हशा पिकला.

"अरे, टकल्याच्या हाती कंगवा दिल्यावर दुसरं काय होणार?" व्हर्नन म्हणाला. "आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि स्वतःच्याच पैशांनी गाढव झालो." त्यानं सगळ्यांसमोर मोजणीवाल्यांना फोन केला आणि आपली नोंद रद्द करायला लावली. कान लाल झाले होते त्याचे.

त्या संध्याकाळी कंगवे वर्गातच ठेवून सगळे एकाच काठावर बसले. कोणी हलेना. हायवेवरून ट्रक गेला, लांब कुठे बदकं ओरडली. बेडूक एकही नाही.

"काय लिहू, सर?" ब्रिटानं हळूच विचारलं.

"शून्य."

"शून्य चालतं?"

"जे ऐकलं तेच लिहायचं, पोरी." वाईट वाटलं त्याला, अगदी मनापासून वाईट वाटलं. या तळ्याचा आता त्याला निरोपच घ्यायचा होता.

ब्रिटानं शून्य लिहिलं. व्हर्नन गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला, पण मागं बघतो तर पोरं जागची हललीच नव्हती.

"बसा ना, सर," कोल्टन कुजबुजला. "तुमच्या पावलांचा आवाज होतोय."


व्हर्नन मुकाट्यानं खाली बसला.